साहेबरावांच्या डाव्या मनगटात

मी फिस्टुला बोलतोय. बोलतोय म्हणजे खरं तर घुमतोय. औशाच्या साहेबराव वाघमाऱ्यांच्या डाव्या मनगटाच्या जरा वर कुणी तळहात अलगद ठेवला, तर कातडीखाली काहीतरी घर्र घर्र चाललेलं हाताला लागतं. तेच माझं बोलणं, आणि ते चोवीस तास चालू असतं. मला गप्प बसता येत नाही. मी गप्प बसलो की समजा मी संपलो.

मी यंत्र नाही. बाहेरून आणून बसवलेली कुठली वस्तूही नाही. साहेबरावांच्याच हातातली एक रोहिणी आणि एक नीला, म्हणजे हृदयाकडून येणारी एक नस आणि हृदयाकडे जाणारी दुसरी. साठ वर्षं दोघी शेजारी राहिल्या, पण एकीने दुसरीचा उंबरा कधी ओलांडला नाही. नांदेडच्या एका सर्जनने दोघींच्या मधली भिंत फोडून दार केलं आणि एकीचं रक्त जोराने दुसरीत शिरायला लागलं. तो जोर म्हणजे मी. माझा जन्म नांदेडचा, दोन हजार पंधराच्या नोव्हेंबरमधला. दुपारचे सव्वाबारा वाजले होते.

टाके घालून झाल्यावर सर्जनने माझ्यावर स्टेथोस्कोप टेकवला, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "छान बोलतोय." माझं आयुष्यातलं हे पहिलं कौतुक. साहेबरावांनी मात्र तोपर्यंत डोळे उघडले नव्हते. हात बधिर करायचं इंजेक्शन दिलं तेव्हा जे मिटले होते, ते "चला, उठा आता" म्हटल्यावरच उघडले.

माझी गरज का पडली तेही सांगतो. त्या वर्षी ऑगस्टमध्ये साहेबरावांचे पाय सुजले, तोंड सुजलं, धाप लागली. जुन्या ब्लडप्रेशरने दोन्ही मूत्रपिंडं खाऊन टाकली होती आणि कुणाला पत्ता नव्हता. मग लातूरला आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. ते मशीन दर मिनिटाला पेलाभर रक्त बाहेर काढतं, धुतं आणि परत देतं. हातावरच्या साध्या शिरेला एवढं रक्त देणं झेपत नाही. त्यासाठी वेगळी वाट करावी लागते.

ही वाट करणारे आम्ही चौघे. पहिली, मानेतली तात्पुरती नळी. ती घाईच्या वेळी येते आणि दोन-तीन आठवड्यांत जाते. दुसरी तिचीच थोरली बहीण. ती मानेतून शिरून छातीच्या कातडीखालून फिरते आणि खांद्याच्या हाडाखाली बाहेर येते. तिला दोन तोंडं असतात, एकावर लाल टोपण, दुसऱ्यावर निळं. ती महिनोन् महिने राहते. तिसरा ग्राफ्ट, म्हणजे ज्यांच्या नसा बारीक त्यांच्या हातात घातलेली कृत्रिम नळी. आणि चौथा मी. मी सावकाश पिकतो. दोन-तीन महिने तरी माझ्याकडून कसलीच अपेक्षा करू नये. पण मी घरचा आहे. सगळे डॉक्टर पहिलं नाव माझंच घेतात, यात बढाई काही नाही.

साहेबरावांच्या छातीवर तेव्हा ती लाल-निळ्या टोपणांची थोरली होती. माझं आणि तिचं कधी जमलं नाही. तिचा एकच गुण होता, तिला सुई लागत नसे. टोपणं उघडायची, मशीनच्या नळ्या जोडायच्या, झालं. मला मात्र दर वेळी दोन सुया लागतात. एक रक्त न्यायला आणि एक आणायला. एवढ्या एका गोष्टीवरून साहेबरावांनी तिला लाडकी केलं आणि मला नावडता.

नांदेडहून परत येताना एसटीत गर्दी होती. साहेबरावांना कशीबशी खिडकीजवळ जागा मिळाली. त्यांच्या पत्नी पंचशीलाबाई शेजारी, आणि त्यांच्या मांडीवर बँडेजमधला मी. कंडक्टर तिकीट फाडत फाडत आला आणि त्याची पिशवी माझ्यावर आपटणार इतक्यात पंचशीलाबाई ओरडल्या, "आवो मास्तर, हाताला धक्का लावू नका! आत पिस्तूल हाय!"

डॉक्टरांनी दोन दिवसांत वीस वेळा फिस्टुला फिस्टुला म्हटलं होतं. त्यांना जे ऐकू आलं ते असं आलं. गाडीतल्या गप्पा एकदम थांबल्या. पुढच्या बाकावरचा फेटेवाला हळूच वळला आणि अदबीने विचारता झाला, "पाव्हणे पोलिसात हाईत का?"

"न्हाई वो," पंचशीलाबाई म्हणाल्या. "ढोराच्या दवाखान्यात होते."

साहेबरावांनी कपाळाला हात लावला, अर्थात उजवा. पण लातूर येईपर्यंत आमच्या आसपास कुणी रेटारेटी केली नाही हेही खरं.

ढोराच्या दवाखान्यात होते हे अगदी बरोबर. लातूर उस्मानाबादपासून वेगळं काढून नवा जिल्हा केला त्या साली, म्हणजे ब्याऐंशीला, नव्या जिल्ह्याला माणसं हवी होती. त्या भरतीत साहेबराव लागले. कागदावर पशुधन पर्यवेक्षक, गावोगावी मात्र ढोराचे डॉक्टर. औसा तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर एकतीस वर्षं आधी सायकल, मग स्कूटर. फऱ्याची लस, घटसर्पाची लस, अडलेल्या गायी, फुगलेल्या म्हशी. या माणसाने किती जनावरांना सुया दिल्या असतील याचा हिशोब त्यालाही लागायचा नाही. आणि त्याच माणसाला स्वतःच्या हातावर सुई येणार म्हटलं की घाम फुटत असे. पुन्हा आडनाव वाघमारे. मी चेष्टा करतोय असं वाटेल, पण माझाच जीव त्याच्यावर टांगलेला होता.

घरी आल्यावर पंचशीलाबाईंनी माझा ताबा घेतला. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्यांनी पाठ केलं होतं. या हाताला बीपीचा पट्टा नको, रक्त तपासायची सुई नको, ओझं नको, झोपताना उशाखाली हा हात नको. घड्याळ नको. निरोप समारंभात मिळालेलं घड्याळ साहेबराव डाव्या हाताला बांधत, ते उजवीकडे गेलं. पण सवय कुठे जाते? कुणी वेळ विचारली की ते आधी डावा हात वर करत, मला बघत आणि लगेच तोंड फिरवत.

सकाळी चहाच्या आधी आणि संध्याकाळी दिवाबत्तीच्या सुमाराला पंचशीलाबाई माझ्यावर तळहात ठेवत. डोळे बारीक करून ऐकल्यासारखं करत आणि म्हणत, "चालू हाय." एवढे दोनच शब्द. त्या खरबरीत हाताची मी दिवसातून दोनदा वाट बघायचो. खरं म्हणजे हे बघायचं काम साहेबरावांचं होतं, डॉक्टरांनी त्यांनाच शिकवलं होतं. पण त्यांनी मला एकदाही हात लावला नाही. स्पंजाचा चेंडू मात्र ते दाबत. टीव्हीसमोर बसून, माझ्याकडे न बघता, पंचशीलाबाईंनी "दाबा" म्हटलं की दाबत. त्या चेंडूने मी वाढलो. फेब्रुवारीपर्यंत चांगला बोटाएवढा जाड झालो.

मग तो दिवस आला. डायलिसिसच्या डॉक्टर सौदामिनी मॅडम यांनी मला वरपासून खालपर्यंत चाचपलं आणि म्हणाल्या, "हात तयार आहे. आजपासून सुई घेऊ या." माझी छाती फुगली, म्हणजे छाती असती तर फुगली असती. तंत्रज्ञ उद्धव पाकीट घेऊन आला. उद्धव कंधारचा, तिशीतला, हाताने हलका आणि तोंडाने घाईचा. एकटा आठ मशीनं सांभाळायचा, त्यामुळे माणसांना बेडच्या नंबराने ओळखायचा. साहेबराव बेड चार.

"कितवा नंबर?" साहेबरावांनी पाकिटाकडे बघून विचारलं.

"बेड ना काका? चार."

"बेड न्हाई. सुई."

"सतरा. पुढं मग सोळा लावू."

"सोळा?" साहेबराव उठूनच बसले. नंबर जेवढा लहान तेवढी सुई जाड, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. "सोळानं मी बैल टोचलेत रं! अख्खे बैल!"

बाकीचे पेशंट हसले, उद्धवही हसला, आणि हसता हसता म्हणाला, "काही न्हाई होत काका, तिकडं बगा," आणि ते तिकडे बघतायत तोवर त्याने सुई घातली. साहेबरावांनी हात खाडकन ओढला. सुई माझ्या एका भिंतीतून शिरून दुसरीतून बाहेर पडली. आतल्या आत रक्त पसरलं आणि मी वांग्यासारखा जांभळा होऊन फुगलो. उद्धवने दाबून धरलं, बर्फ लावला, दहा वेळा माफी मागितली. चूक त्याची म्हणावी तर हात यांनी ओढला, यांची म्हणावी तर याने न सांगता टोचलं. मी दोन आठवडे ठणकत होतो.

त्यानंतर साहेबराव पूर्ण बाह्यांचे सदरे घालायला लागले. मार्चमध्ये, औशाच्या उन्हात. मला झाकून ठेवायचं, बस्स. "नळीवर झकास चाललंय," ते प्रत्येकाला सांगत. मॅडम दर वेळी समजावत की नळी फार दिवस ठेवण्यात धोका आहे, तिच्या वाटेने जंतू थेट रक्तात जातात. साहेबराव मान डोलवत आणि टोपणं पुढे करत. मला राग यायचा. पण रागावून तरी काय करणार, राहायचं त्यांच्याच हातात.

एका संध्याकाळी ओट्यावर बसून ते पंचशीलाबाईंना म्हणाले, "एकतीस वर्सं मी सुईच्या ह्या बाजूला होतो. त्या बाजूला काय असतंय ते मला ठाव न्हाई. जनावराला निदान लाथ तरी मारता येती. मी काय मारू?"

"मारा की लाथ," पंचशीलाबाई म्हणाल्या. "मी पाय धरते. पन सुई घ्या."

ते हसले नाहीत. मला त्या वेळी त्यांची फार दया आली. भीती ही काही हौसेने बाळगायची गोष्ट नाही.

त्यात हा असा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं पडलं, नळाला महिना महिना पाणी नाही, आणि एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी आलं. आमच्या डायलिसिसच्या मशीनला एका माणसामागे शंभरावर लिटर शुद्ध पाणी लागतं. टँकर उशिरा आला की चार तासांचं डायलिसिस तीन तासांवर यायचं आणि सगळे बेड एकमेकांकडे बघत बसायचे. अख्खा जिल्हा पाणी पाणी करत होता, आणि आमच्या साहेबरावांना भरल्या माठाशेजारी बसून दिवसाला लिटरभराच्या आत भागवायचं होतं. मूत्रपिंडं बंद असली की प्यालेलं पाणी अंगातच राहतं. पंचशीलाबाई त्यांना बर्फाचा खडा चघळायला देत आणि स्वतः आतल्या खोलीत जाऊन पाणी पीत, त्यांना दिसू नये म्हणून.

गल्लीत टँकर आला की धावपळ उडे. एकदा पंचशीलाबाईंना पाण्याचं टिपाड हलवेना म्हणून साहेबरावांनी भरलेली घागर डाव्या हाताने उचलली. मी आवळला गेलो. घर्र घर्र एकदम बारीक झाली. पंचशीलाबाईंनी ते बघितलं आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात त्यांना जे काही सुनावलं, ते मी इथे सांगत नाही. घागर खाली ठेवल्यावर त्यांनी आधी माझ्यावर हात ठेवला. "चालू हाय," त्या म्हणाल्या आणि मग रडल्या.

नळीला पाणी लागू द्यायचं नसतं, म्हणून साहेबराव डोक्यावरून आंघोळ करत नसत. ओल्या फडक्याने अंग पुसायचे आणि वर म्हणायचे, "बरंय की, तेवढंच पानी वाचतंय." पण घामाला कोण अडवणार? मेच्या दुसऱ्या आठवड्यात छातीवरची पट्टी घामाने भिजून सुटायला लागली. एका मंगळवारी मशीन सुरू होऊन अर्धा तास झाला असेल, साहेबरावांना एवढी थंडी भरली की लोखंडी पलंग वाजायला लागला. एकशेतीन ताप. नळीच्या वाटेने जंतू आत गेले होते.

त्यांना दवाखान्यात ठेवलं. अँटिबायोटिक सुरू केलं. गुरुवारी त्यांची लाडकी नळी काढून टाकली. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. माझ्यातून जे रक्त वाहत होतं तेच तापलेलं होतं.

शुक्रवारी सकाळी सौदामिनी मॅडम पलंगाशेजारी स्टूल ओढून बसल्या. "काका, ताप उतरतोय. पण पोटॅशियम वाढलंय, आज डायलिसिस करावंच लागेल. मानेतली शीर आता आकसली आहे. मांडीत नळी घालता येईल, पण अंगात जंतू असताना पुन्हा नळी घालणं मला बरोबर वाटत नाही. तुमचा हात इतका सुरेख तयार आहे. मी काय करू, तुम्हीच सांगा."

साहेबराव छताकडे बघत होते. "काई करू नका," ते म्हणाले. "बास झालं मॅडम. मला घरी सोडा. जे चार-आठ दिस राहतील ते आरामात जाऊ द्या."

पंचशीलाबाई उठल्या. त्यांनी पलंगावरची चादर बाजूला केली, साहेबरावांच्या सदऱ्याची बाही वर सरकवली आणि माझ्यावर तळहात ठेवला. किती तरी वेळ ठेवला.

"हे चालू हाय," त्या म्हणाल्या, "अन् तुमी बंद म्हनता?"

साहेबरावांनी घरी जायची गोष्ट पुन्हा काढली नाही. निदान डायलिसिसच्या खोलीत चला, तिथे बसून ठरवू, असं म्हणून मॅडमनी त्यांना चाकांच्या खुर्चीवरून बेड चारवर आणलं. शेजारच्या बेड पाचवर निलंग्याकडच्या एक बाई होत्या, महादेवी त्यांचं नाव. एरवी त्यांचा वार वेगळा असायचा. टँकरच्या गोंधळात त्या आज आल्या होत्या. हातात दोन सुया, तोंडात बडीशेप, आणि नजर आमच्यावर. बघता बघता त्या एकदम म्हणाल्या, "अय्यो! तुमी औशाचे ढोराचे डाक्टर न्हवं का?"

साहेबरावांनी मान हलवली.

"मला वळखनार न्हाई तुमी. माझं माहेर तुमच्याच तालुक्यातलं. आमची चंद्री म्हैस, काळीभोर, लई मारकी. पोट फुगलं होतं तिचं. चार गडी धरायला, तरी कुनाला जवळ येऊ देईना. तुमी आलाव, स्कूटर लावली, सुई भरली अन् बाजूला ठेवून दिली. अन् इचारलं, नाव काय हिचं?"

साहेबराव आता त्यांच्याकडे बघायला लागले होते.

"माझा बाप म्हनला, डाक्टर, टोचा अन् मोकळे व्हा, म्हशीच्या नावाचं काय करता. तुमी म्हनलाव, बिननावाच्या जनावराला मी सुई लावत न्हाई. मग तिच्या समोर गेलाव. तिला दिसंल असं उभे राहिलाव. चंद्री म्हनून हाक मारली, हात हुंगू दिला, मानेवर ठेवला. सुई दाखवली तिला, खरंच दाखवली! अन् म्हनलाव, चंद्री, आता टोचनार हाव, जरा लागंल. मी तवा परकरात होते, पन ध्यानात हाय. चंद्री जागची हलली न्हाई."

मग महादेवीबाईंनी उद्धवकडे बघितलं. "काय रं बाळा, डाक्टरला सुई देताना तू काय म्हनलास?"

उद्धवचा चेहरा उतरला. "तिकडं बगा म्हनलो," तो हळूच म्हणाला. "घाईत होतो. काका, पन मला तुमचं नाव ठाव हाय. साहेबराव वाघमारे. मी आपलं सवयीनं बेड चार म्हनतो."

"माझं नाव न्हाई रं," साहेबराव म्हणाले. आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं, तोंड न फिरवता. "ह्याचं. ह्याचं नाव काय?"

माझं नाव फिस्टुला, हे मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण फिस्टुला हे काही हाक मारायचं नाव नव्हे. बैलाला कुणी 'ए बैला' म्हणत नाही.

साहेबरावांनी उजवा हात उचलला. तो माझ्यावर आला, टेकला, दचकून उठला आणि पुन्हा टेकला. ज्याच्या मी अंगात होतो त्याचा हात मला तेव्हा पहिल्यांदा लागला. मला काय वाटलं ते सांगायला मला फक्त घर्र घर्र येतं. ती मी मनापासून केली.

"आयला," ते म्हणाले. "किती घुमतंय हे!"

"रोज घुमतंय," पंचशीलाबाई म्हणाल्या. "भुंगा बसल्यावानी."

"भुंग्या," साहेबराव म्हणाले. त्यांनी ते नाव तोंडात घोळवून बघितलं. "भुंग्या. हाव, हेच बरं हाय."

मग त्यांनी मॅडमना अटी घातल्या. एकतीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस तो, अटी नीट घातल्या. बधिर करायचं मलम आधी लावायचं. न सांगता काही करायचं नाही. 'तिकडे बघा' म्हणायचं नाही. सुई उद्धवने धरायची, पण साहेबरावांचा उजवा हात उद्धवच्या मनगटावर राहील. ते थांब म्हणाले की तो थांबेल. मॅडम म्हणाल्या, "मान्य. आणि हे दोन-तीन महिने नीट जमलं, तर मी तुम्हाला शिकवीन. मग सुई तुमच्याच हातात देऊ. काही पेशंट स्वतः टोचून घेतात." साहेबरावांनी या वेळी डोळे मिटले नाहीत.

ही आजचीच गोष्ट आहे. म्हणजे मी आता तुम्हाला जुनं काही सांगत नाही. उद्धवने माझ्यावर दोन ठिकाणी पांढरं मलम थापलंय आणि वरून पातळ प्लास्टिक गुंडाळलंय. मलम भिनायला तास लागतो. त्या तासात बसून काय करायचं, म्हणून मी तुमच्याशी बोललो.

तास संपत आलाय, तेव्हा माझं मागणं थोडक्यात सांगतो. घरात कुणाची मूत्रपिंडं अशक्त झाली असतील, तर त्याचा एक हात आजपासून राखा. ज्या हाताने तो लिहितो तो नाही, दुसरा. त्यात सुया टोचू देऊ नका. डॉक्टरांनी माझं नाव काढलं तर पुढच्या वर्षी बघू म्हणू नका, मला पिकायला वेळ लागतो. आणि तुमच्या माणसाला सुईची भीती वाटत असेल तर त्याला हसू नका. आमच्या साहेबरावांना हसले, त्यात मीही होतो, म्हणून सांगतो.

पुढे माझं काय होईल मला माहीत नाही. माझ्यासारखे काही दहा-पंधरा वर्षं घुमतात, काही आकसून लवकर बंद पडतात. आज मात्र मी पूर्ण जोरात आहे आणि मला एवढं कळतंय की माझ्यावाचून आज या माणसाकडे दुसरी वाट नाही. मला त्याचा अभिमान वाटत नाही. भीती वाटते. आता सुईची भीती मलाही कळायला लागलीय.

उद्धव आला. त्याने स्टूल समोर घेतलं, साहेबरावांना दिसेल असं. प्लास्टिक काढलं, मलम पुसलं, औषधाने जागा साफ केली. पाकीट फोडून सुई साहेबरावांच्या डोळ्यांसमोर धरली. त्यांनी ती टोकापासून पाठीपर्यंत बघून घेतली. वर दंडाला पट्टा बांधला तसा मी तटतटून फुगलो. पंचशीलाबाई पायथ्याशी उभ्या राहिल्या. पलीकडे महादेवीबाईंनी बडीशेप चघळायची थांबवली.

"काका, तुमच्या हातावर हात ठेवतोय," उद्धव म्हणाला.

साहेबरावांचा उजवा हात त्याच्या मनगटावर आला. माझ्या आत त्यांचं काळीज किती जोरात धावत होतं, ते मलाच ठाऊक.

"काका, तुमी म्हनाल तवा."

मग साहेबरावांनी जो आवाज काढला तो मी कधी ऐकलेला नव्हता. खालचा, सावकाश, गोठ्यात शिरताना काढतात तसा.

"भुंग्या," ते म्हणाले. "भुंग्या, मी हाय रं. आता टोचनार हाव. जरा लागंल. हलू नको, राजा."

उद्धवचा हात पुढे सरकला, आणि त्याच्यावर साहेबरावांचा. टोक कातडीला टेकलं आणि आत आलं.

मी हललो नाही.